पाऊस येण्याआधी छत्री नीट जुळवा: फ्री डिशच्या अँटेनाची घरच्या घरी दुरुस्ती आणि जुळवणी

मे महिन्यात लख्ख दिसणारा टीव्ही जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत चौकोन चौकोन होऊन फुटतो आणि घरोघरी एकच निष्कर्ष निघतो: पाऊस आहे, सिग्नल जाणारच. पावसाचा वाटा असतो हे खरं, पण बऱ्याच घरांत तो अर्धाच असतो. उरलेला दोष छत्री बसवतानाच राहून गेलेला असतो.

डिजिटल प्रक्षेपणात चित्र एक तर पूर्ण येतं, नाही तर फुटतं. पडद्यावर मुंग्या मुंग्या दिसायच्या ती मधली अवस्था जुन्या अँटेनाबरोबर गेली. त्यामुळे छत्री दीड अंशाने चुकलेली असली तरी कोरड्या हवेत चित्र झकास दिसतं. बसवणारा "आलं बघा" म्हणतो आणि खाली उतरतो. पण साठ सेंटिमीटरच्या छत्रीला दीड अंशाची चूक म्हणजे जवळजवळ निम्मी ताकद वाया. पावसासाठी ठेवायची शिल्लक तिथेच संपलेली असते. म्हणून हा सगळा खटाटोप चित्र आणण्यासाठी नाही, ती शिल्लक कमावण्यासाठी आहे. त्याला बूस्टर लागत नाही. तीन कोन, एक धड केबल आणि दोन तासांचा निवांतपणा पुरतो.

आधी कुठली अँटेना, ते

गच्चीवर अजूनही ॲल्युमिनियमच्या दांड्यांची जुनी अँटेना असेल, तर तिच्यावर वेळ घालवू नका. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हापासून त्या दांड्यांनी आपल्याला टीव्ही दाखवला, पण दूरदर्शनचे जमिनीवरचे जुने ॲनालॉग प्रक्षेपक २०२२पर्यंत देशभर बहुतेक ठिकाणी बंद झाले. आता दरमहा पैसे न भरता सह्याद्रीसकट दूरदर्शनच्या वाहिन्या बघायच्या तर मार्ग डीडी फ्री डिशचा. डिसेंबर २००४मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली हीच ती सेवा.

ती सध्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. नोव्हेंबर २०१५मध्ये सोडलेला हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. म्हणजे महाराष्ट्रातून बघताना तो आग्नेयेला आणि बराच उंच दिसतो. छत्री लावायची म्हणजे तीन गोष्टी साधायच्या: दिशा, उंचीचा कोन आणि तोंडाशी असलेल्या एलएनबीचा, म्हणजे सिग्नल पकडून केबलमध्ये सोडणाऱ्या छोट्या यंत्राचा, तिरकेपणा. या तिसऱ्याला कारागीर स्क्यू म्हणतात. सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते त्याच्याकडेच.

तुमच्या गावाचे आकडे

उपग्रहाची जागा आणि गावाचे अक्षांश-रेखांश यांवरून हे कोन गणिताने निघतात. दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजलेली आहे, उंची क्षितिजापासून.

मुंबई: दिशा १३१, उंची ५७.५, स्क्यू ४५
पुणे: दिशा १३२, उंची ५९, स्क्यू ४५
नाशिक: दिशा १३४, उंची ५७.५, स्क्यू ४३
छत्रपती संभाजीनगर: दिशा १३६, उंची ५९, स्क्यू ४१
सोलापूर: दिशा १३४, उंची ६१, स्क्यू ४३
कोल्हापूर: दिशा १२९, उंची ६०, स्क्यू ४८
नागपूर: दिशा १४४, उंची ६०, स्क्यू ३३
पणजी: दिशा १२७, उंची ६१, स्क्यू ५०

तुमचं गाव यात नसेल तर जवळच्या शहराचे आकडे घेऊन सुरुवात करा. दिशा मोबाइलच्या होकायंत्राने बघता येते, कारण आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत जेमतेम एखाद्या अंशाचा फरक आहे. पण मोबाइल लोखंडी खांबाजवळ, पत्र्याजवळ किंवा पाण्याच्या टाकीच्या सळ्यांजवळ धरू नका. पाच-सहा पावलं मागे जा, तिथून दिशा धरा आणि त्या रेषेत दूरची एखादी खूण हेरून ठेवा: एखादं झाड, मोबाइलचा मनोरा, देवळाचा कळस. छत्री त्या खुणेच्या रोखाने वळवा.

जागा: आकाश मोकळं आहे का

उपग्रह एवढा उंच असल्यामुळे समोरची इमारत दिसते तेवढी आडवी येत नाही. छत्रीपेक्षा १० मीटर उंच असलेली भिंत आग्नेयेला साडेसहा मीटरपेक्षा लांब असेल तर ती मध्ये येत नाही. थोडी सूट धरून सात-साडेसात मीटर माना. हिशोब सोपा आहे: अडथळा जितका उंच, त्याला १.६ने भागा, तेवढं अंतर किमान हवं.

फ्लॅटमध्ये उलटी अडचण येते. समोर सगळं मोकळं असतं, पण डोक्यावरचा स्लॅब आड येतो. बाल्कनीत छत्रीच्या वर दोन मीटरवर स्लॅब असेल तर छत्री बाहेरच्या कडेपासून सव्वा मीटरच्या आत हवी. शक्यतो कठड्याला लावून थोडी बाहेर काढलेली बरी. पूर्वेकडची किंवा दक्षिणेकडची बाल्कनी दोन्ही चालतात. पश्चिमेला किंवा उत्तरेला तोंड असेल तर गच्ची गाठण्याला पर्याय नाही.

मोकळं आकाश तपासायची एक फार चांगली रीत आहे आणि तिला उपकरण लागत नाही. दरवर्षी १२ मार्चच्या आसपास सकाळी सव्वाअकराच्या सुमाराला आणि १ ऑक्टोबरच्या आसपास अकराला पाच-दहा मिनिटं कमी असताना महाराष्ट्रातून सूर्य जवळजवळ नेमका या उपग्रहाच्या रेषेत येतो. त्या वेळी जिथे थेट ऊन पडतं तिथून उपग्रह दिसतो. जिथे झाडाची, टाकीची किंवा शेजारच्या भिंतीची सावली आहे, तिथे छत्री लावण्यात अर्थ नाही. सूर्याकडे बघायचं नाही, फक्त जमिनीवरची सावली बघायची. गच्चीवर खडूने उन्हाच्या जागेवर खूण करून ठेवली की वर्षभर उपयोगी पडते.

झाडांबद्दल कोकणातल्या आणि गोव्यातल्या मंडळींनी जास्त काळजी घ्यावी. माडाची झावळी वाऱ्याने रेषेत आली की चित्र फुटतं, बाजूला गेली की जुळतं, आणि माणूस उगाच बॉक्सला दोष देत बसतो. पावसात भिजलेली पानं कोरड्या पानांपेक्षा कितीतरी जास्त सिग्नल खातात. झाड वाढतंही. तीन वर्षांपूर्वी मोकळी असलेली रेष आज आंब्याच्या फांदीने झाकलेली असू शकते.

सामान

१०-११ आणि १२-१३चे पाने, पक्कड, धारदार ब्लेड किंवा केबल सोलायचं छोटं हत्यार, पाणसळ किंवा ओळंबा, मार्कर पेन, केबलच्या टोकांना लावायचे नवे एफ कनेक्टर, वॉटरप्रूफ टेप. मोबाइलमध्ये होकायंत्र आणि कोनमापक ही दोन ॲप. मल्टिमीटर असेल तर उत्तम. आणि खाली टीव्हीसमोर बसून आकडे वाचणारं एक माणूस, व्हिडिओ कॉलवर. छोटा टीव्ही आणि बॉक्स गच्चीवर नेता आला तर त्याहून बरं.

बाजारात मिळणारा स्वस्त काट्याचा सॅटेलाइट फाइंडर घ्यायचा मोह होतो. तो कुठल्याही उपग्रहावर तितक्याच जोरात किंचाळतो, आपला कुठला हे सांगत नाही. बॉक्सच्या मेनूत दिसणारा क्वालिटीचा पट्टा त्यापेक्षा खूप भरवशाचा.

कौलारू किंवा पत्र्याच्या छपरावर, ओल्या गच्चीवर, ढग गडगडत असताना हे काम करू नका. वरून विजेची तार जात असेल तर खांब उभा करताना तो आडवा पडला तरी तारेला लागणार नाही एवढं अंतर ठेवा. केबल काढताना-लावताना बॉक्सचा स्विच बंद करा. केबलमधून एलएनबीला वीज जाते, आणि मधली तार तिच्याभोवतीच्या धातूच्या जाळीला टेकली तर बॉक्स बिघडू शकतो.

खांब सरळ, मग बाकीचं

छत्रीच्या मागच्या पट्टीवर अंशांच्या खुणा असतात. त्या खऱ्या ठरतात त्या खांब पूर्ण उभा असेल तरच. पाणसळ खांबाला दोन बाजूंनी लावा, एकमेकांना काटकोनात. खांब कलता असेल तर छत्री डावी-उजवीकडे फिरवताना तिची उंचीही बदलत राहते, आणि मग तासभर फिरवूनही काही सापडत नाही. बोल्ट विटांच्या सांध्यात किंवा नुसत्या गिलाव्यात नको, काँक्रीटमध्ये किंवा धड विटेत घ्या. हाताने छत्रीची कड हलवून बघा: कडेला एक सेंटिमीटर हललं तर साठच्या छत्रीत जवळजवळ दोन अंशांचा फरक पडतो. म्हणजे वाऱ्याने तेवढंच हललं तरी चित्र जाणार.

उंचीचा कोन

आपल्याकडच्या घरगुती छत्र्या ऑफसेट प्रकारच्या असतात. त्या बघतात त्यापेक्षा खूप उंचावरचा सिग्नल गोळा करतात, त्यामुळे ५७ अंशांसाठी लावलेली छत्री बरीच उभी दिसते. नवख्या माणसाला वाटतं ही समोरच्या इमारतीकडे बघतेय, आणि तो तिला आणखी आकाशाकडे उताणी करतो. असं करू नका.

तुमच्या छत्रीचा ऑफसेट मोजता येतो. छत्रीची रुंदी आणि उंची मोजा. रुंदीला उंचीने भागा आणि मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर त्या उत्तराचा कॉस-इन्व्हर्स काढा. रुंदी ६० आणि उंची ६५ सेंटिमीटर असेल तर उत्तर येतं सुमारे २२.६ अंश. मुंबईत उंचीचा कोन ५७.५, त्यातून २२.६ वजा केले की राहिले ३५. म्हणजे छत्रीच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत एक सरळ पट्टी टेकवली, तर ती पट्टी उभ्या रेषेपासून ३५ अंश मागे कललेली हवी. पट्टीवर मोबाइल ठेवा, कोनमापक बघा आणि छत्री तिथे आणा. मागच्या खुणा पुसट झालेल्या जुन्या छत्रीला ही रीत फार उपयोगाची आहे.

उंचीचे बोल्ट आता इतपतच घट्ट करा, की जोर लावला तर हलेल आणि सोडलं तर तिथेच राहील.

एलएनबीचा पीळ

फ्री डिशच्या जुळवणीसाठी वापरायचा सिग्नल उभ्या ध्रुवणाचा असतो, म्हणजे त्याच्या लहरी उभ्या डोलतात. पण "उभा" हे उपग्रहाच्या दृष्टीने. उपग्रह आपल्या आग्नेयेला, बाजूला असल्यामुळे आपल्यापर्यंत येईस्तोवर तो आपल्याला तिरका दिसतो. नागपुरात ३३ अंश, मुंबई-पुण्यात ४५. एलएनबीही तेवढीच तिरकी हवी.

छत्रीच्या मागे, आकाशाकडे तोंड करून उभे राहा. एलएनबी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवायची. छत्रीसमोर उभं राहून तिच्याकडे बघत असाल तर तीच दिशा काट्यांप्रमाणे दिसते: सरळ खाली, सहाच्या जागी असलेलं केबलचं टोक साडेसातच्या दिशेला जातं. एलएनबीच्या गळ्यावर शून्याची खूण आणि अंश छापलेले असतील तर त्यांवरून लावा. नसतील तर केबलचं टोक खाली म्हणजे शून्य असं धरून सुरुवात करा. काही बनावटींत टोक वेगळ्या बाजूला असतं, म्हणून शेवटचा निर्णय क्वालिटीच्या पट्ट्यावर सोडा.

हे इतकं सांगण्याचं कारण असं. मुंबईत कोणी घाईने एलएनबी उलट्या बाजूला ४५ अंश वळवली, तर ती योग्य जागेपासून पूर्ण ९० अंश चुकते. म्हणजे उभ्याऐवजी आडवा सिग्नल पकडायला बसते. छत्री नेमकी उपग्रहाकडे बघत असूनही एकही वाहिनी येत नाही. आणि एलएनबी शून्यावर सोडली, तर निम्मी ताकद वाया जाते, शिवाय आडव्या बाजूचा नको असलेला सिग्नल त्यात मिसळतो. असं चित्र कोरड्या दिवशी तग धरतं, पावसात नाही.

बॉक्समध्ये काय भरायचं

मेनूमध्ये उपग्रह जीसॅट-१५ निवडा. जुन्या बॉक्समध्ये तो इन्सॅट-४बी या नावाने असेल तरी चालेल, कारण तोही याच जागेवर होता. एलएनबीचा प्रकार युनिव्हर्सल, ९७५०/१०६००. ट्रान्सपाँडर (उपग्रहावरचा प्रक्षेपक) ११०९० किंवा १११७०, ध्रुवण व्ही म्हणजे उभं, सिंबल रेट २९५००. आपला सिग्नल ११७००च्या खाली असल्यामुळे एलएनबी ९७५०च वापरते: ११०९०मधून ९७५० वजा जाता केबलमधून उतरतात १३४० मेगाहर्ट्झ. काही नव्या टीव्हींना मागे थेट सॅटेलाइटचा सॉकेट असतो. तिथेही हेच आकडे भरायचे.

आता पडद्यावर दोन पट्टे दिसतील: स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थकडे फारसं लक्ष देऊ नका. छत्री रिकाम्या आकाशाकडे असली तरी एलएनबीच्या स्वतःच्या खरखरीमुळे तो पट्टा अर्ध्यापर्यंत चढतो. एलएनबीला वीज मिळतेय आणि केबल शाबूत आहे, एवढंच तो सांगतो. उपग्रह सापडला की नाही हे फक्त क्वालिटी सांगते.

शोध

छत्री खुणेपासून १०-१२ अंश पूर्वेकडे वळवा आणि तिथून हळूहळू दक्षिणेकडे आणा. हळूहळू म्हणजे किती? खांबाचा पाइप सव्वा इंची असेल तर त्याचा बाहेरचा व्यास साधारण ४२ मिलिमीटर, घेर १३२. म्हणजे पाइपवर एक अंश भरतो एक मिलिमीटरच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढा! एका वेळी एवढंच सरकवा आणि दोन-तीन सेकंद थांबा. सिग्नल ओळखायला बॉक्सला तेवढा वेळ लागतो. न थांबता फिरवत राहिलात तर उपग्रह ओलांडून पुढे जाल आणि पत्ताही लागणार नाही.

पूर्ण फेरी मारूनही क्वालिटी शून्यच असेल तर उंची दोन अंशांनी वाढवा, पुन्हा फेरी. मग मूळ जागेच्या दोन अंश खाली, पुन्हा फेरी. बहुतेक वेळा तिसऱ्या फेरीपर्यंत पट्टा हलतो.

क्वालिटी आली की वाहिन्या शोधा आणि खरंच फ्री डिशच आहे ना याची खात्री करा. शेजारीच ९५ अंशांवर डिश टीव्हीचा उपग्रह आहे, अवघ्या दीड अंशावर. लहान छत्री दोघांच्या मधोमध बसून अर्धवट काम करत राहू शकते.

शिखर शोधणं

इथे बहुतेकजण थांबतात. खरं काम इथून सुरू होतं. क्वालिटी ५५ दिसतेय, चित्र येतंय, पण कदाचित ७५ मिळाली असती.

सगळ्यात वरचा आकडा थेट पकडायला जाऊ नका. शिखराजवळ पट्टा सपाट असतो आणि नेमका मध्य कळत नाही. त्याऐवजी छत्री पूर्वेकडे सरकवा, क्वालिटी घसरून एका ठरावीक आकड्यावर, समजा ४०वर, आली की पाइपवर मार्करने रेघ मारा. मग दक्षिणेकडे सरकवत शिखर ओलांडा आणि पलीकडे पुन्हा ४० झाली की दुसरी रेघ. दोन रेघांच्या बरोबर मध्ये छत्री आणा. हेच उंचीसाठी करा, मग एलएनबीच्या पिळासाठी. एलएनबीला बाजूंचे कोन जास्त मोठे लागतील, वीस-तीस अंश. नंतर परत एकदा दिशा, परत एकदा उंची, कारण एक सुधारलं की दुसऱ्याचं शिखर किंचित सरकतं.

बोल्ट आवळताना छत्री हलते, हे गृहीत धराच. डावा थोडा, उजवा थोडा, असं आळीपाळीने आवळा आणि खालचं माणूस सतत आकडा सांगत राहू दे. आकडा उतरला तर सैल करून पुन्हा. सगळं घट्ट झाल्यावर खांबावर आणि पट्टीवर एकसंध आडवी रेघ ओढून ठेवा. पुढे माकडांनी किंवा वादळाने छत्री हलवली तर ती रेघ तुटलेली दिसेल आणि परत जागेवर आणायला पाच मिनिटं लागतील.

केबल आणि सांधे

कोनांइतकाच सिग्नल इथे गळतो. केबल आरजी-६ हवी. जुन्या केबल टीव्हीची बारीक वायर वापरू नका. ३० मीटरपर्यंत आरजी-६ बिनघोर चालते. मध्ये जोड नकोच, असलाच तर घराच्या आत.

कनेक्टर लावताना मधली तार कनेक्टरच्या कडेबाहेर दोन-तीन मिलिमीटर राहू द्या आणि जाळीचा एकही तंतू तिला टेकणार नाही हे बघा. हाताने पिळून बसवायचे कनेक्टर आतल्या कोरड्या टोकाला ठीक आहेत. गच्चीवर दाबून बसवायचे घ्या, थोडे महाग पडले तरी. एलएनबीच्या खाली केबलचा एक लोंबता वळसा ठेवा, म्हणजे पाणी केबलवरून घरंगळत सांध्यात न शिरता वळशाच्या तळाशी गळून जाईल. सांध्यावर वॉटरप्रूफ टेप ताणून, खालून वर गुंडाळा, म्हणजे वरचा थर खालच्या थरावर येतो. समुद्रकाठच्या गावांत दर पावसाळ्यानंतर हा सांधा उघडून बघा. मधली तार हिरवी किंवा काळी पडलेली असेल तर टोक कापून नवा कनेक्टर लावा.

जुन्या छत्रीला कामाला लावणं

घरात आधीच्या डीटीएचची छत्री पडून असेल तर नवी घ्यायची गरज नसते. ती कंपनीच्या मालकीची नाही ना, एवढं आधी बघा. एलएनबीवर ९७५०/१०६०० छापलेलं असेल तर तीही चालते. मुंबईच्या हिशोबाने: टाटा प्लेची छत्री ८३ अंशांवर बघत असते, तिला २० अंश पूर्वेकडे वळवून ७ अंश खाली आणायचं आणि एलएनबीला आणखी १८ अंश पीळ द्यायचा. पाइपवर ते २० अंश म्हणजे सव्वासात मिलिमीटर. एअरटेलची १०८.२वर असते, तिला १६ अंश दक्षिणेकडे आणि १३ अंश वर. डिश टीव्हीची असेल तर दोन अंश दक्षिणेकडे, एक अंश वर, बस्स. सन डायरेक्टची छत्री फ्री डिशच्याच जागेवर बघते, तिला फक्त शिखर शोधून द्या.

मात्र पत्रा दबलेला असेल तर ती छत्री सोडून द्या. लहानसा पोचा चालतो, पण कडेला पीळ पडला असेल तर सिग्नल एका जागी गोळाच होत नाही. कडेच्या समोरासमोरच्या टोकांना दोन दोरे आडवे-उभे ताणून बांधा. मध्ये ते एकमेकांना जेमतेम टेकले तर छत्री सरळ आहे. गंज खरवडून रंग द्यायला हरकत नाही, पातळ थर आणि साधा रंग.

पावसाचा खरा इलाज मोठ्या छत्रीत आहे. ६०ऐवजी ७५ घेतली तर गोळा करणारं क्षेत्रफळ दीडपट होतं, ९०ला सव्वादोनपट. कोकण, घाटमाथा, गोवा इथे मी सरळ ९०चीच शिफारस करेन. तिची नजर अरुंद असते, त्यामुळे जुळवणी जास्त नाजूक आणि खांब जास्त भक्कम लागतो, पण पावसातला फरक डोळ्यांना दिसतो. छत्रीवर ॲल्युमिनियम फॉइल चिकटवणं, थाळ्या बांधणं यांनी आकार बिघडतो, फायदा होत नाही. बॉक्सजवळ लावायचे बूस्टर सिग्नलबरोबर खरखरही तेवढीच वाढवतात, त्यामुळे क्वालिटी तिथेच राहते. त्यांचा उपयोग फार लांब केबल असेल तरच, आणि तेव्हाही ते एलएनबीच्या बाजूला लावायचे. दोन टीव्ही चालवायचे असतील तर दोन तोंडांची एलएनबी घ्या आणि दोन स्वतंत्र केबल ओढा.

बिघाड कुठे आहे

दोन्ही पट्टे शून्य असतील तर छत्रीला हात लावू नका. एलएनबीकडचं टोक काढून मल्टिमीटरने बघा: बॉक्स चालू असताना मधली तार आणि जाळी यांत १३-१४ व्होल्ट मिळायला हवेत. मिळत नसतील तर केबल किंवा बॉक्स, मिळत असतील तर एलएनबी गेली.

स्ट्रेंग्थ आहे आणि क्वालिटी शून्य: छत्री हलली, मध्ये झाड आलं, किंवा बॉक्समधले आकडे बदलले गेले. वाऱ्यातच फुटतं: बोल्ट किंवा फांदी. भर दुपारी जातं आणि संध्याकाळी परत येतं: एलएनबी तापून दम टाकतेय किंवा सांधा सैल आहे. काहीच वाहिन्या गायब: आधी नव्याने शोध लावा. फ्री डिशच्या जागांचा लिलाव होतो, त्यामुळे विशेषतः एप्रिलच्या सुरुवातीला वाहिन्या येतात-जातात. तरीही त्या दिसत नसतील तर तुमचा बॉक्स जुन्या एमपेग-२ प्रकारचा असू शकतो, आणि नव्या एमपेग-४ वाहिन्या त्यावर कितीही जुळवलं तरी दिसणार नाहीत.

आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला स्वच्छ उन्हात, अकराच्या आगेमागे काही मिनिटं चित्र गेलं, तर पाना उचलू नका. सूर्य उपग्रहाच्या मागे आलेला असतो. थोड्या वेळात चित्र आपोआप परत येतं, आणि काही दिवसांनी तो प्रकार थांबतो.